पॉइंट टू-टू रायफल आणि आडवा वारा : ५० व १०० मीटरच्या प्रकल्प नोंदी, बेळगाव

१९ ऑक्टोबर २०२४ : जागा आणि सामान

रेंजचं तोंड उत्तरेला आहे. सूर्य डोळ्यांत येत नाही, पण बेळगावचे दोन्ही मुख्य वारे आडवे लागतात. पावसाळ्यात पश्चिम-नैऋत्येचा, म्हणजे डावीकडून. पाऊस उघडला की पूर्वेचा, म्हणजे उजवीकडून. डाव्या हाताला जांभ्या दगडाची साडेतीन मीटर उंच भिंत, फायरिंग पॉइंटपासून ४० मीटरपर्यंत. उजव्या हाताला कुंपणापलीकडे ऊस, ५५ मीटरपर्यंत, सध्या तीन मीटर उंच. त्यापुढे सोयाबीन काढलेलं मोकळं रान.

वारा गोळीला किती ढकलतो याचे तक्ते कुठेही मिळतात. ते समुद्रसपाटीचे असतात आणि नळीपासून टार्गेटपर्यंत वारा एकसारखा आहे असं धरून चालतात. इथं दोन्ही गोष्टी लागू होत नाहीत. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, आणि या लेनवर शंभर मीटरांत वारा दोन-तीन वेळा तरी बदलतो. म्हणून या लेनपुरता वेगळा तक्ता करायचा.

सामान : बोल्ट ॲक्शन सिंगल शॉट पॉइंट टू-टू (०.२२ इंची), उजव्या पिळाची नळी, १६ इंचात एक फेरा. ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅमची गोळी, स्टँडर्ड व्हेलॉसिटी, सगळी काडतुसं एकाच लॉटची (कारखान्यातल्या एकाच खेपेची). क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) नळीतोंडाशी सरासरी ३२६ मीटर/सेकंद. १/८ मिनिटाच्या क्लिकची दुर्बीण (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, क्लिक म्हणजे नेम सरकवायच्या चकतीचा एक टप्पा), पुढे-मागे वाळूच्या पिशव्या, हातात धरायचं वातमापक. दुर्बिणीच्या रिंगवर पाणसळ (बबल लेव्हल) बसवली आहे. तिच्याशिवाय वाऱ्याचं मोजमाप सुरूच करू नये. रायफल २ अंश कलली की १०० मीटरला गोळी साधारण १८ मिमी बाजूला जाते. तेवढं तर १ मी./से. वाऱ्याचं काम. पुढचा सगळा हिशोब कशाचा, मनगटाचा की वाऱ्याचा, हे मग सांगता येत नाही.

२७ ऑक्टोबर : फ्लॅग

आंतरराष्ट्रीय नियमांत ५० मीटर रेंजसाठी १० आणि ३० मीटरवर ५० × ४०० मिमीचे सुती फ्लॅग सांगितलेत, कापड साधारण १५० ग्रॅम प्रति चौरस मीटर. हिशोबाने एका फ्लॅगचं वजन ३ ग्रॅम येतं. शहापूरच्या बाजारातून चार तऱ्हांचं कापड आणलं, पट्ट्या कापल्या आणि सराफी काट्यावर टाकल्या. पातळ मांजरपाट २.९ ग्रॅम, तेच घेतलं. जाडी खादी साडेचारच्या वर जाते, मंद वाऱ्यात ती हलतच नाही. टेरिकॉट वजनाला बसतं, पण ताठ राहतं आणि घडीची चुणी धरून ठेवतं.

कडा दुमडून शिवायच्या नाहीत. दुमडलेल्या कडेला कापड दुप्पट होतं, वजन वाढतं आणि पट्टी पिळते. नागमोडी कात्रीने कापून सोडून दिलं. धागे निघाले की नवी पट्टी, मीटरभर कापडात चाळीसेक निघतात.

दांडा १० मिमी लोखंडी सळईचा. त्याच्या डोक्यावर उद्यमबागेत टर्न करून घेतलेलं पितळी बुश, त्यात सायकलची तार काटकोनात वाकवून घातली. आडव्या भागाला पट्टीची अरुंद बाजू बांधली. बुशात तेल घालू नये. इथली लाल माती तेलाला चिकटते आणि आठवड्यात तार अडकते. शिसपेन्सिलीचं शिसं घासून घातलं तर कोरडं राहतं आणि मोकळं फिरतं.

नियमातल्या दोन जागा १०० मीटरला पुरत नाहीत, म्हणून चार : १०, ३०, ५० आणि ७५ मीटर. सगळे लेनच्या हद्दीच्या रेषेवर. उंची गोळीच्या वाटेइतकी, इथं जमिनीपासून एक मीटर. डोक्याएवढ्या उंचीचा फ्लॅग दिसायला बरा, पण जमिनीलगत वारा कमी असतो आणि वरचा फ्लॅग जास्त सांगतो.

१० नोव्हेंबर : फ्लॅग काय बोलतो

वातमापक फ्लॅगशेजारी त्याच उंचीवर धरून कोन टिपले. अर्ध्या मी./से.ला नुसतं टोक हलतं. १ मी./से.ला पट्टी लोंबत्या रेषेपासून ३० अंशाच्या आसपास उठते, दीडला ४५. अडीच ते तीनपर्यंत जवळजवळ आडवी, आणि पुढे तिच्याकडून काही कळत नाही. तीनचा वारा आणि पाचचा वारा तिला सारखाच. त्यासाठी १० मीटरच्या दांड्यावर प्लॅस्टिकची भिंगरीही लावली, एक पातं काळं. काळा ठिपका दिसेनासा होऊन राखी चकती झाली की वारा तीनच्या वर गेला असं धरतो.

हे कोन आमच्या मांजरपाटाचे. दुसऱ्या कापडाला स्वतंत्र काढावे लागतील.

दव पडू लागलंय. सकाळी सातला पट्ट्या ओलसर, वजन ४ ग्रॅमच्या पुढे. अशा पट्टीचा कोन वारा आहे त्यापेक्षा कमी दाखवतो, आणि नेमबाज शांत समजून झिरो घेतो, म्हणजे दुर्बिणीचा नेम आणि गोळीची जागा जुळवतो. आता फ्लॅग रात्री आत ठेवायचे आणि गोळीबाराआधी लावायचे.

२४ नोव्हेंबर : आकडे

गोळीला वारा ‘उडवत’ नाही. हवेच्या अडथळ्यामुळे गोळीला जो उशीर होतो, तेवढाच वेळ वारा गुणायचा. उड्डाणाचा खरा वेळ वजा बिनहवेचा वेळ, गुणिले आडव्या वाऱ्याचा वेग. समुद्रसपाटीवर ५० मीटरला आमच्या गोळीचा वेळ ०.१५९ सेकंद, ३२६च्या वेगाने न थांबता गेली असती तर ०.१५३. फरक सहा हजारांश सेकंद, म्हणून १ मी./से. वाऱ्याला ६ मिमी. शंभरला तोच फरक २३ हजारांश, म्हणजे २३ मिमी.

बेळगावात २५ अंश तापमानाला हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानक हवेच्या ८८ टक्क्यांच्या आसपास. त्या प्रमाणात आकडे खाली येतात :

५० मीटर : ५ मिमी
१०० मीटर : २० मिमी
२०० मीटर : ८० मिमी

सगळे १ मी./से. पूर्ण आडव्या वाऱ्याचे. अंतर दुप्पट, सरक चौपट. डिसेंबरच्या थंड सकाळी तीन-चार टक्के वाढवायचे, ते एवढ्या अंतरावर हिशोबात धरलं नाही तरी चालतं. २०० मीटरचा आकडा फक्त कागदावरचा आहे. आपलं बट, म्हणजे गोळ्या अडवणारा बांध, १०० मीटरला आहे. ही बारकी गोळी दीड-दोन किलोमीटर जाते, त्यामुळे बटाशिवाय लांबचं अंतर करून बघण्याचा प्रश्नच येत नाही.

वारा तिरका असेल तर : समोरच्या रेषेपासून ३० अंशावर असला तर निम्मा धरायचा, ४५ला ०.७, ६०ला जवळजवळ पूर्ण. नेमका समोरून किंवा पाठीमागून आला की वर-खालीचा फरक किरकोळ, पण तोच वारा सर्वांत घातक. दहा अंश इकडून तिकडे झाला की ढकलण्याची बाजूच पालटते आणि लोंबत्या पट्टीच्या वळणात ते पटकन दिसत नाही.

आता मुख्य गोष्ट. नळीजवळ बसलेला धक्का गोळी टार्गेटपर्यंत सोबत नेते. टार्गेटजवळच्या धक्क्याला तेवढं अंतरच मिळत नाही. शेवटच्या निम्म्या वाटेतला वारा एकूण सरकेच्या चौथाईइतकाच, कारण ०.५ चा वर्ग ०.२५. याच हिशोबाने प्रत्येक फ्लॅगचा वाटा काढला. १० मीटरचा फ्लॅग ० ते २० सांभाळतो, ३०चा २० ते ४०, ५०चा ४० ते ६०, ७५चा उरलेलं. वाटे ३६, २८, २०, १६ टक्के. मिमीत, प्रत्येक १ मी./से.ला : ७, ६, ४, ३.

सात-सहा-चार-तीन हे पाठ करून ठेवलं की तक्ता बघावा लागत नाही. ५० मीटरला दोनच फ्लॅग : जवळचा ३ मिमी, दूरचा २.

८ डिसेंबर : ५० मीटर

५० मीटर टार्गेटचा दहाचा गोल १०.४ मिमी व्यासाचा, पुढच्या प्रत्येक गोलाचा व्यास १६ मिमीने मोठा. गोळीचं भोक ५.६ मिमी आणि कडा शिवली तरी गुण मिळतो, म्हणून भोकाचं केंद्र मध्यापासून ८ मिमीत पडलं तर दहा. ऑगस्ट २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) कांस्य मिळवलं ते याच मापाच्या टार्गेटवर. रायफल आणि काडतूस मिळून शांत हवेत १२ मिमीचा ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पसारा) देत असतील, तर मध्यापासून ६ मिमी तिथेच खर्च झाले. वाऱ्यासाठी उरले २ मिमी. म्हणजे अर्धा मी./से. सुद्धा नाही. फ्लॅगचं टोक हललं की दहाच्या बाहेर जायची शक्यता सुरू.

आज पूर्वेचा वारा, दीडच्या आसपास, पण ऊस आडवा असल्याने १०चा फ्लॅग जवळजवळ लोंबलेला. ग्रुप डावीकडे सरकला, तोही थोडाच. काडतुसांची पेटी बदलली की पहिली दहा-पंधरा मोजायची नाहीत. नळीत आधीच्या मेणाचा थर असतो, नवं वंगण बसेपर्यंत ग्रुप भटकतो. त्याचा दोष वाऱ्यावर जातो.

२२ डिसेंबर : १०० मीटर, ऊस उभा

५० वरून १०० वर जाताना गोळी वीस-बावीस सेंमी खाली येते, ते क्लिकने भरून घेतलं. झिरो सूर्योदयानंतरच्या शांत वेळेत, कोरड्या फ्लॅगवर.

नऊनंतर पूर्वेचा वारा चढला. १० आणि ३०चे फ्लॅग गप्प. ५०चा १ मी./से., पण सारखा दिशा बदलणारा. उसाचा कोपरा तिथून पाच मीटरवर आहे आणि कोपऱ्याला वारा वळसे घेतो. ७५चा अडीच, ताठ. बघणाऱ्याला वाटतं ५० मिमी द्यावे. हिशोब : ४ × १ अधिक ३ × २.५, म्हणजे साडेअकरा. ग्रुपचं केंद्र डावीकडे १२ मिमीच्या जवळपास बसलं. टार्गेटशेजारचा फडफडता फ्लॅग बघून क्लिक देणं ही या रेंजवरची सर्रास सवय, आणि उजवीकडे पडणाऱ्या निम्म्या गोळ्यांचं कारण तेच.

ग्रुपचा आकार लक्षात ठेवण्यासारखा : आडवा, चपटा. वर-खाली पसारा शांत हवेइतकाच.

५ जानेवारी २०२५

शेजारच्या फडात ऊसतोड टोळी आली. माणसं कुंपणालगत असताना गोळीबार बंद, लाल बावटा खाली, बोल्ट काढून ठेवले. फड मोकळा झाला की पुढचं.

१२ जानेवारी : १०० मीटर, ऊस गेलेला

पूर्वेला आता पाचट आणि खोडवे. वारा तोच, अडीच. या वेळी चारही फ्लॅग एकसारखे उठलेले. ७, ६, ४, ३ मिळून २०, गुणिले अडीच : ५० मिमी. २२ डिसेंबरच्या नोंदीतला साडेअकराचा आकडा त्याच ७५च्या फ्लॅगवर चौपटीहून जास्त झाला. ऑक्टोबरात कुणी या लेनचा अनुभवाने तक्ता बांधला असता तर तो आज कामाचा राहिला नसता. आडोसा साधारण आपल्या उंचीच्या दसपट अंतरापर्यंत वारा मोडतो. तीन मीटरच्या उसाने, तो होता तिथपर्यंत, लेनची अख्खी रुंदी झाकली होती.

क्लिक : १०० मीटरला १/८ मिनिट म्हणजे ३.६ मिमी. ५० मिमीला चौदा क्लिक उजवीकडे.

आणि ग्रुप तिरका झाला. वारा चढला की भोकं डावीकडे आणि वर, उतरला की उजवीकडे आणि खाली. याला कारण उजव्या पिळाची नळी. नळीतून बाहेर पडताना गोळी आडव्या वाऱ्याला तोंड वळवते आणि फिरत असल्यामुळे त्या झटक्यात थोडी वर किंवा खाली सटकते. उजवीकडच्या वाऱ्याला वर, डावीकडच्याला खाली. हिशोबाने १ मी./से.ला ५० मीटरवर दीड मिमी, १००वर तीन. हा कोनाचा फरक असल्याने अंतराबरोबर दुप्पटच होतो, आडवी सरक मात्र चौपट. म्हणून ५०ला तिरकस रेघ जास्त उभी दिसते. मुख्यतः नळीजवळचा वारा हे करतो. ऊस उभा असताना १०चा फ्लॅग गप्प होता, म्हणून तेव्हाचा ग्रुप सपाट.

२ फेब्रुवारी : हाय व्हेलॉसिटी, आणि ग्रुप कसा वाचायचा

जोरदार काडतूस वाऱ्यात कमी सरकतं ही समजूत मुरलेली आहे. पॉइंट टू-टूला ती उलटी आहे. ३८० मी./से.ची गोळी आवाजाच्या वेगाच्या (२५ अंशाला सुमारे ३४६) वर सुटते, ३५ मीटरच्या आसपास त्याखाली येते, आणि त्या पट्ट्यात हवेचा अडथळा एकदम वाढलेला असतो. पोचते लवकर, पण बिनहवेच्या वेळेच्या मानाने उशीर जास्त करते. इथल्या हवेत १०० मीटरला १ मी./से.ला साधारण ३० मिमी, स्टँडर्डच्या दीडपट. ५०ला ८. वर आवाजाचा पट्टा ओलांडताना ग्रुप फाटतो तो वेगळाच. आज दोन्ही काडतुसं एकाच वाऱ्यात आलटून-पालटून मारली. हाय व्हेलॉसिटीचा ग्रुप डावीकडे पलीकडे पडला आणि उभाही पसरला.

उभ्या पसाऱ्याचं आणखी एक कारण काडतुसातलंच. वेगात १० मी./से.चा फरक असेल तर १०० मीटरला ३० मिमी वर-खाली. ५० मीटरवर तो सातच्या आसपास, दहाच्या आजूबाजूला लपून जातो. म्हणून ५०ला उत्तम वाटलेला लॉट १००ला उघडा पडतो.

यावरून ‘फ्लायर’ (ग्रुपबाहेर भरकटलेल्या) म्हणून सोडून दिलेल्या गोळ्या पुन्हा तपासल्या. उभा पसारा असेल तर क्रोनोग्राफ आणि लॉट बघा. निव्वळ आडवा असेल तर पुढच्या, दूरच्या फ्लॅगचा वारा किंवा कललेली रायफल. पाणसळ बघून ठरवा. डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यात जाणारी रेघ असेल तर १०च्या फ्लॅगकडे लक्ष नव्हतं. उलट्या तिरक्या रेघेला, उजव्या वरून डाव्या खाली, वारा जबाबदार नाही. तिथं खांदा, गालाचा दाब किंवा सैल झालेला स्क्रू शोधायचा. डाव्या पिळाच्या नळीला हे सगळं उलटं, पण तशी नळी विरळा.

९ मार्च : पश्चिमेचा वारा, भिंत आणि मिराज

दुपारी पश्चिमेचा वारा सुरू झाला. कंपाउंडच्या माडांच्या झावळ्या डावीकडून उजवीकडे जोरात. ५० आणि ७५चे फ्लॅग उजवीकडे ताठ, ३ मी./से. पण १० आणि ३०चे उलटे, डावीकडे झुकलेले, अर्ध्याच्या आसपास. फ्लॅग बिघडलेले नाहीत. साडेतीन मीटरच्या भिंतीवरून वारा उडी घेतो आणि आडोशाला खाली गिरकी खाऊन भिंतीकडे परत येतो. गोळी याच गिरकीतून जाते, माडाच्या उंचीवरून नाही. हिशोब : डावीकडे (७ + ६) × ०.५ = साडेसहा, उजवीकडे (४ + ३) × ३ = २१. निव्वळ उजवीकडे साडेचौदा, म्हणजे चार क्लिक डावीकडे. माड बघून सोळा दिले असते.

गिरकी स्थिर नसते. भिंतीवरून झोत आला की १०चा फ्लॅग दोन-तीन सेकंद सरळ होतो आणि मग १००ला एकदम ५०-६० मिमीचा प्रश्न. अशा वाऱ्यात क्लिकच्या मागे लागू नये. कोणती अवस्था जास्त वेळ टिकते ते साइटर (गुण न धरायच्या चाचणीच्या गोळ्या) मारताना बघून ठेवायचं, तिच्यापुरते क्लिक द्यायचे, आणि १०चा फ्लॅग पुन्हा तसाच होईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. सामन्यात वेळ कमी उरला असेल तरच नेम बाजूला धरून मारायचं.

अकरानंतर लाल मातीवर मिराज, म्हणजे तापलेल्या हवेच्या लाटा, इतकं की स्पॉटिंग स्कोपमध्ये टार्गेटच्या कडा वितळतात. त्याचा उपयोग आहे. स्कोपचा फोकस टार्गेटवरून अलीकडे, ५० मीटरच्या आसपास आणला की लाटा वाहताना दिसतात. वाहण्याची बाजू ती वाऱ्याची बाजू. लाटा सरळ वर उकळताना दिसल्या तर बहुतेक वेळा वारा पालटतोय, त्या क्षणी गोळी सोडू नये. वारा ५ मी./से.च्या पुढे गेला की लाटा पुसल्या जातात, मग फक्त भिंगरी.

भिंतीच्या लेनसाठी ३० मीटरचा फ्लॅग ३५ वर न्यायचा आहे, भिंत संपते तिथला बदल आधी दिसावा म्हणून. वाटे त्याप्रमाणे बदलतील : ० ते २० चे ७ तसेच, २० ते ५० चे ८, ५० ते ६० चे २, शेवटचे ३. नवीन पट्ट्या कापून ठेवल्यात. खोडव्याचा ऊस कमरेएवढा झाला की पूर्वेकडची चाचणी पुन्हा.